लंकाबाईचं नाक

लंकाबाईला गावात कुणी भांडकुदळ म्हणत नसे, कंजूष तर मुळीच म्हणत नसे. संशयी म्हणत, आणि तेही ती ऐकण्याच्या टप्प्यात नाही याची खात्री करून. कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या काठाला तिचं घर होतं. नवरा सहादेव साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर कामाला. एकुलती लेक कौसल्या कोपरगावकडं दिलेली. घरात उरली दोन माणसं. दोन माणसांच्या घरात संशय घ्यायला असं कितीसं मिळणार? पण लंकाबाईनं कधी कमी पडू दिलं नाही. दूध पातळ लागलं की गवळ्यावर संशय, कोंबडी अंड्यांवर बसेना की शेजारणीच्या नजरेवर संशय. देवळातला गुरव प्रसाद देताना मूठ आवळून धरतो, हेही गावात पहिल्यांदा तिच्याच ध्यानात आलं होतं.

तिचा सगळा भरवसा आपल्या नाकावर. त्यालाही कारण होतं. तिचा बाप प्यायचा, आणि पिऊन आला की घरातल्या भांड्यांना आणि माणसांना सारखाच न्याय लावायचा. आज त्यानं घेतली आहे की नाही, हे लंकाला लहानपणापासून अंधारातसुद्धा नाकानं कळायचं. लग्न होऊन आल्यावर तिनं सहादेवला समोर बसवून सांगितलं, "माजी कशालाच ना न्हाई. कोरडी भाकर खाईन. पर ज्या दिशी तुमच्या तोंडाला दारूचा वास यील, त्या दिशी मी सोनईला भावाकडं निघून जाईन. पुन्ना त्वांड बघायची न्हाई."

सहादेव मानेनं हो म्हणाला. तो आधीपासून मानेनंच बोलणारा माणूस.

तेव्हापासून रोजचा रिवाज पडला. सहादेवची सायकल दारात लागली की लंकाबाई उंबऱ्यात उभी. "हा करा." सहादेव तोंड उघडून हा करायचा, ती नाक पुढं करून हुंगायची आणि मग बाजूला व्हायची. जकात नाक्यावर मालाची गाडी अडवावी तसा नवरा स्वतःच्या दारात अडकून उभा राहायचा. कारखान्यातली मळी त्याच्या अंगाकपड्यांना चिकटलेली असायची. पण मळीचा आंबूस वास निराळा आणि दारूचा निराळा, हे ती पक्कं ओळखून होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. लंकाबाई पाणीसुद्धा फुंकून पीत होती.

स्वतःच्या तोंडाबद्दल मात्र तिला काडीची शंका नव्हती. ती मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करून पत्र्याच्या डबीत भरायची. उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी टेकल्यावर, निजताना, कधीही डबीत बोट बुडवून दातांवरून फिरवत भिंतीला टेकून बसायची. 'मिश्री लावनाऱ्या बाईचं त्वांड आरशावानी,' असं तिची आई म्हणायची, आणि गावातल्या निम्म्या बायकाही तेच म्हणत. नंतर चूळ भरायची ती नावाला. उपासाच्या दिवशी ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही, मिश्री मात्र घ्यायची. मिश्रीनं उपास मोडत नाही, असा तिनं स्वतःच निकाल दिला होता.

लोक तिच्याशी बोलताना जरा मागं सरकत, मान वळवत. त्याचा अर्थ तिनं केव्हाच लावून टाकला होता. मनात काळंबेरं असल्याबिगर माणूस तोंड कशाला फिरवील? कौसल्येचा पोरगा तिला पापा घेऊ द्यायचा नाही, किंचाळून आईच्या पदरात शिरायचा. "त्याला तिकडच्या आज्जीनं शिकवलंय," असं ती म्हणायची, आणि विहिणीला पाण्यात बघायची.

एकाहत्तर सालचा हिवाळा होता. लढाईच्या बातम्या ऐकायला लोक संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती जमत, आणि एखादा अनोळखी कल्हईवाला आला तरी तो हेर आहे की काय म्हणून त्याची धोकटी उचकून बघत. साऱ्या गावालाच संशयाचा वारा लागलेला, मग लंकाबाईचं काय सांगावं. त्यातच एके दिवशी तिच्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा संपल्या.

लवंग तिच्या घरात मुठीनं वापरायची वस्तू नव्हती. लेक-जावई आले तर भातात दोन पडायच्या. उंदीर लवंग खात नाही, मांजर खात नाही. घरात राहिलं कोण? आणि लवंग कोण चघळतं, हे तिला बापाच्या घरापासून ठाऊक होतं. पिणारा माणूस वास मारायला लवंग चघळतो.

त्या संध्याकाळी तिनं सहादेवला दोनदा हा करायला लावलं. दारू नव्हती. लवंगही नव्हती. नुसती मळी. पण हा करून होताच त्यानं मान वळवली.

"तिकडं काय बघताय?"

"कुटं काय."

"डब्यातल्या लवंगा कुटं गेल्या?"

सहादेव खाली बसून वहाणेचा अंगठा सारखा करू लागला. "कुठल्या लवंगा?" म्हणाला.

लंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. निर्दोष माणूस 'गेल्या व्हय?' असं विचारतो. 'कुठल्या' असं चोर विचारतो, असा तिचा हिशेब. तिनं भाकरी वाढली आणि त्या दिवसापासून नवऱ्यावर पाळत ठेवली. सदरा हुंगला, उपरणं हुंगलं, डबा हुंगला, सायकलीच्या खोगिराखाली हात घालून पाहिलं. दारूचा मागमूस नाही. सदऱ्याच्या खिशात तेवढा तुरटीचा खडा सापडला. तुरटी पाणी निवळायला वापरतात, दाढी झाल्यावर फिरवतात. ती खिशात घेऊन फिरणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

नदीवर धुणं धुताना शेजारची बायडाबाई भेटली. बायडाबाई पदराचं टोक नाकाला लावून बोलत होती. हिला बाराही महिने सर्दीच कशी, असं लंकाबाईला नेहमी वाटायचं.

"लंकाबाई, मालक आजारी हायती व्हय?"

"न्हाई बा. का?"

"न्हाई, दवाखान्याच्या मागल्या अंगाला दिसले. त्या मार्थाबाईसंगं बोलत हुते. लई येळ."

मार्थाबाई म्हणजे गावच्या टोकाला ख्रिस्ती वस्तीजवळ जो लहानसा दवाखाना होता, तिथली नर्स. पन्नाशीला टेकलेली, जाड चष्म्याची, अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली बाई. एवढ्यावर संशय घेणं तसं अवघडच. पण लंकाबाई काटकसरी होती, थोडक्यात भागवायची. आजारी नसलेला माणूस दवाखान्याच्या पुढच्या दारानं न जाता मागल्या अंगाला जातो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय हे नक्की.

आणि दुसऱ्या दिवशी मिश्रीच बदलली.

सकाळी सहादेव कामावर गेल्यावर ती डबी घेऊन भिंतीला टेकली. बोट दातांवरून फिरवलं आणि जिभेला झिणझिण्या आल्या. हिरडी बधिर झाली, तोंड आवळल्यासारखं झालं. तिनं थुंकून टाकलं. डबी नाकाशी नेऊन हुंगली. मिश्रीचाच वास. तो तर तिच्या श्वासातच भरलेला होता, त्यापलीकडचं तिला काही कळेना. नवऱ्याच्या तोंडातला थेंब ओळखणारं नाक आपल्या डबीपाशी थिटं पडलं. बाईला आता मात्र खरीखुरी भीती वाटली. दारू निराळी आणि हे निराळं. खिशातला तो पांढरा खडा, मागल्या अंगाचं बोलणं, आणि आता डबीत काहीतरी कालवलेलं. औषध देणाऱ्या बाईकडून माणूस विषही नेऊ शकतो. ह्यांना मी नकोशी झाले, असं तिच्या मनात आलं आणि ती चुलीपुढं बसून रडली. मग डोळे पुसून तिनं दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं, डबी कनवटीला खोचली आणि निघाली. आधी दवाखान्यात जाऊन चारचौघांत उघडं पाडायचं, आणि तिथूनच एस.टी.नं सोनई गाठायची.

दवाखान्याच्या बाकावर बायका बसल्या होत्या. बायडाबाईला नेमका त्याच दिवशी खोकला झाला होता. लंकाबाईनं मार्थाबाईंच्या टेबलावर डबी आपटली.

"आमच्या मालकानं तुमच्याकडनं काय नेलं त्ये सांगा. ह्यात काय कालवलंय त्येबी सांगा. सगळ्यांदेखत सांगा."

मार्थाबाईंनी डबी उघडली. चिमूटभर मिश्री बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकून टाकली. बाकावरच्या बायका माना लांबवून बघू लागल्या.

"लवंग आहे," त्या म्हणाल्या. "थोडी तुरटी पण दिसतेय." मग चष्मा काढून पुसत हळूच म्हणाल्या, "कमाल आहे या माणसाची." आणि उठून उभ्या राहिल्या. "आत या, लंकाबाई."

"आत कशाला? हितंच सांगा."

"इथं सांगितलं तर तुम्हालाच जड जाईल. आत या."

आतल्या खोलीत खिडकीपाशी त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, दार लोटलं आणि बॅटरी घेतली. "तोंड उघडा."

"माजं कशापायी? चोर त्ये हायत."

"उघडा म्हणते ना. हा करा."

नवऱ्याला जन्मभर जे करायला लावलं ते लंकाबाईनं नाइलाजानं केलं. मार्थाबाईंनी मान वळवली नाही. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं खालची हिरडी दाबली, बोळा तिच्यापुढं धरला आणि दुसऱ्या हातानं आरसा दिला. बोळ्यावर रक्त होतं आणि पिवळं काहीतरी होतं.

"हा पू आहे. पायरिया म्हणतात याला. हिरड्या दातांपासून सुटल्यात. जिभेवर हा केवढा थर साचलाय बघा. यानं तोंडाला वास येतो."

"कुनाच्या?"

"तुमच्या, लंकाबाई. बरीच वर्षं झाली असतील."

लंकाबाई हसली. तिला खरंच हसू आलं. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडाला वास? मग तिनं आरशात पुन्हा पाहिलं, आणि मार्थाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"तुमचे मालक आले होते," मार्थाबाई म्हणाल्या. "त्यांनी नाव घेतलं नाही. एखाद्या माणसाच्या तोंडाला वास येत असंल आणि त्याला न कळू देता घालवायचा असंल तर काय करावं, असं विचारत होते. मी म्हटलं, न कळू देता नाही जायचा. ज्याचं तोंड त्यालाच सांगावं लागतं. तर म्हणाले, त्ये माझ्यानं व्हायचं न्हाई. आणि गेले. लवंग-तुरटीचं त्यांच्याच डोक्यातलं."

लंकाबाईनं आरसा मांडीवर पालथा घातला. मार्थाबाई पुढं सांगत राहिल्या, कारण काही बोलत राहणं त्यांना बरं वाटलं असावं. "मिश्री आजपासून बंद. त्यानं दात साफ होत नाहीत, हिरड्या जळतात. कडुलिंबाची नाहीतर बाभळीची कोवळी काडी घ्या, हलक्या हातानं घासा. जीभ रोज खरवडायची. जेवल्यावर चूळ भरायची ती खळाखळा, नावाला नाही. निजताना कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायच्या. उपासाला पाणी प्यायचं, कोरड्या तोंडाला जास्त वास मारतो. आणि एकदा नगरला दाताच्या डॉक्टरांकडून हा दगडासारखा थर काढून घ्या. लवंग वास झाकते हो, घालवत नाही. वेळ लागेल, पण बरं होईल."

ती बाहेर आली तेव्हा बायडाबाईनं पदर नाकाला लावला. ही सर्दी नव्हे, हे लंकाबाईला आता कळलं. मग एकेक माणूस तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागला. मागं सरकणारा गवळी. प्रसाद देताना हात लांबवून मान फिरवणारा गुरव. आणि नातू. त्या लेकराला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्या एका गोष्टीनं तिला जितकं लागलं तितकं बाकी साऱ्या गावानं लागलं नाही. साप साप म्हणून ती इतकी वर्षं सगळ्यांच्या अंगणात भुई धोपटत फिरत होती.

थांब्यावर सोनईच्या वाटेवरची राहुरीची एस.टी. आली. कंडक्टर "चला, चला" करत होता. आत माणसं खेटून बसली होती. लंकाबाईनं पायरीवर पाय ठेवला आणि मागं घेतला. कुणाशेजारी बसायचं? गाडी गेली, आणि ती गाठोडं घेऊन घराकडं चालू लागली.

पण जन्माचा स्वभाव एका वाटेत कसा सुटणार? अर्ध्या रस्त्यात तिच्या दुःखाचा पुन्हा संशय झाला. साऱ्या गावाला ठाऊक आणि मला एकटीला नाही. परक्यानं नाही सांगितलं ते समजू शकतं. पण ह्यांनी का नाही सांगितलं? बायकोचं हसं होत असताना नवरा गप्प कसा बसतो? यात काहीतरी असलंच पाहिजे. घरी पोचेपर्यंत तिनं ठरवलं होतं की याचं उत्तर मिळाल्याशिवाय गाठोडं सोडायचं नाही.

पाळी संपवून सहादेव आला तेव्हा ऊन कलत होतं. ती दारातच बसली होती, मांडीवर गाठोडं, पुढ्यात डबी. सहादेवनं डबी बघितली, गाठोडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. आणि त्यानं सवयीनं तोंड उघडलं आणि हा केलं.

लंकाबाईनं चटकन मान वळवली. आपला श्वास त्याच्या तोंडावर जाऊ नये म्हणून आज तिनं तोंड फिरवलं.

"मिटा त्वांड," ती म्हणाली. "मार्थाबाईंनी सांगितलं मला. किती वर्सं झाली?"

"कौसीच्या लग्नाच्या आदीपासनं."

"अन् तुमी सांगितलं न्हाई. लोकांत माजं हसं व्हावं म्हनून?"

"न्हाई."

"मंग का?"

सहादेव सायकलीचा दांडा चोळू लागला. "भ्या वाटायचं," म्हणाला.

"कशाचं? मी कवा हात उचलला तुमच्यावर?"

"न्हाई उचलला." आणि मग तो मानेनं बोलणारा माणूस तोंडानं बोलला. "पर सायकल वळनावर आली की पोटात गोळा येतो. प्यालेलो न्हाई, ह्ये मला ठावं असतं. तरी येतो. वाटतं, आज कायतरी घावंल. दारात आल्यावर काय बोलायचं ठरवल्यालं असतं, त्ये समदं इसरतो. असल्या मानसानं तुला तुज्या तोंडाचं कसं सांगायचं? तू म्हनली असतीस, आपलं झाकायला माज्यावर ढकलताय."

ती अगदी हेच म्हणाली असती. शब्दसुद्धा हेच असते. लंकाबाईला ते कळलं, आणि दुसरंही काही कळलं. तो पोटातला गोळा तिच्या ओळखीचा होता. बापाच्या वहाणा दारात वाजल्या की ती आणि तिची आई चुलीपाशी बोलणं अर्धं टाकून गप्प होत. ज्या दिवशी तो न पिता यायचा त्या दिवशीही गप्प होत. आपण त्या घरातून सुटून आलो असं तिला आजवर वाटत होतं.

"मला माज्या बापाचं असंच भ्या वाटायचं," ती म्हणाली. बाप प्यायचा हे तिनं सहादेवला शंभरदा सांगितलं होतं. आपण त्याला भ्यायचो, हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं गाठोडं पुढं सरकवलं. "गाठोडं बांदल्यालंच हाय. जा म्हनाल तर जाते सोनईला."

नवरा लगेच नको म्हणेल असं तिला वाटलं होतं. सहादेव विचार करत उभा राहिला.

"येवढा इचार करावा लागतोय व्हय?"

"व्हय," तो म्हणाला. आणि सायकल भिंतीला लावून म्हणाला, "ऱ्हा तू. पर उद्यापासनं दारात उभी ऱ्हाऊ नको."

दुसरा दिवस लंकाबाईला फार जड गेला. मिश्रीवाचून डोकं ठणकत होतं, लिंबाच्या काडीनं हिरड्यांतून रक्त येत होतं, मिठाच्या गुळणीनं तोंड चुरचुरत होतं. सायकल वाजली तशी ती उठलीच. दोन पावलं गेली आणि परत येऊन चुलीपाशी बसली, हात मांडीखाली दाबून. सहादेव उंबऱ्याशी येऊन थबकला. दार मोकळं होतं.

"या की आत," ती पदराआडून म्हणाली.

हातपाय धुऊन तो तांब्याभर पाणी प्यायला आणि लांब भिंतीशी जाऊन बसला. तिच्या तोंडाचा वास अजून तसाच होता, तो जायला पुढं कितीतरी दिवस लागायचे होते. तिच्या नाकानंही आपली खोड सोडली नव्हती. मळीशिवाय आणखी काय आहे, हे ते तिथून शोधतच होतं. पण सहादेव बोलत होता. कारखान्यात आज पट्टा तुटला, उसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत अडकल्या, गाडीवान कसे एकमेकांवर तुटून पडले, बैल सोडून कसे झाडाखाली बांधले, असं काहीबाही तो सांगत होता. तिच्याकडं तोंड करून नव्हे, जरा बाजूला बघत. पण दिवा लावायची वेळ झाली तरी सांगतच होता.